बाय

बाय म्हणजे सात.
खरं तर ती आईची सहावी;
हाउ नदीच्या या काठी मोजणी दोनापासून सुरू होते,
एक कुणालाच देत नाहीत.
का, ते ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.
मला मात्र तिला हाक मारताना
कोकणातली एखादी बहीण हाकारल्यासारखं व्हायचं.
तिला हे सांगितलं तर हसली, म्हणाली,
मग तू आठ.

माझं काम मोजायचं.
दहा मीटर लांब प्लास्टिकची पिशवी
डुकरांच्या गोठ्यामागे चरात लवंडलेली,
जेवण अंगावर आल्यासारखी.
एका तोंडाने घाण आत,
दुसऱ्याने काळं पाणी तळ्यातल्या माशांना,
आणि पाठीतून निघालेली नळी
झावळ्यांच्या छपराखालून थेट शेगडीला.

आमच्या भाषेत शेण गाईम्हशीचं.
डुकराच्या त्या वस्तूला
नाक न मुरडता घेता येईल असा शब्द नाही.
मी अहवालात ‘कच्चा माल’ लिहायचो.

मग ताप आला, डुकरांचा.
होडीतून पांढऱ्या झग्यातली माणसं,
चुन्याची पोती, खड्डा खणणारं यंत्र.
चौदा गेली.
त्यातली मप दिवस भरलेली.
तिचं वजन करून त्यांनी भरपाईचा आकडा लिहिला,
पोटातल्यांचा काही लिहिला नाही.

त्या संध्याकाळी कुणीच जेवणार नव्हतं.
बायने सवयीनं कळ फिरवली
आणि ज्योत आली.
निळी, गोल,
काही घडलंच नाही अशी.

तिनं विझवली.
परत लावली.
हे कुणाचं, म्हणाली.

मी जंतूंबद्दल बोललो, मिथेनबद्दल,
आत अजून पंधरा-वीस दिवसांचं आहे,
मुरतंय, लोणच्यासारखं.
तिच्या भाच्याने, खोइने, भाषांतर केलं.
त्यातलं लोणचं तेवढं पोचलं असावं,
कारण ती उठली आणि तांदूळ धुतले.

तिसऱ्या दिवशी: भात, मासा, अंघोळीचं पाणी.
नवव्या दिवशी: भात, मासा.
सतराव्या दिवशी: चहा.
पिशवीचं पोट खपाटीला गेलं,
दाबाला ठेवलेल्या विटा
एकमेकींच्या अंगावर कलल्या.

पहाटे साडेचारला मात्र
रबरी नळीचा आवाज यायचाच.
रिकामा गोठा ती धुवायची,
कोरडं ठणठणीत सिमेंट,
तरी कानाकोपऱ्यातून.
मी नोंदलं: पाणी, वीस लिटर.
पुढचा रकाना कोरा.

खोइ म्हणाला, सिलिंडर आणतो.
तिनं ऐकून घेतलं,
कोयता घेतला
आणि कंबरभर पाण्यात उतरली.
कालव्यात जलपर्णी माजलेली,
साऱ्या गावाच्या होड्या अडवून बसलेली.
अळू चिरावं तशी तिनं ती बारीक चिरली,
तळ्याकाठच्या जुन्या काळ्या पाण्यात कालवली,
आणि पिशवीला भरवली.

पिशवीला पचेना.
आंबूस वास, फेस,
दहा दिवस नुसती फुरफुर.
मी म्हणालो, सवय नाही तिला,
डुकरांवर वाढलेली आहे.
हे भाषांतर करताना खोइ
थोडा अडखळला.

बाराव्या दिवशी शेगडी दोनदा खोकली.

ऑफिसचा फॉर्म मी रात्री भरला.
जनावरं: शून्य.
ज्योत: आहे.
पडद्यावर तांबडी ओळ उमटली,
माहिती जुळत नाही.
सकाळी फोन, दुरुस्त करून पाठवा.
मी हो म्हणालो.
कुठला आकडा दुरुस्त करायचा
ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

बाय तेव्हा भोपळा सोलत होती.
साली तिनं जुन्या बादलीत टाकल्या,
वर शिळा भात, तांदळाचं धुवण,
जसं रोज मपसाठी ठेवायची.
उचलून दाराशी आली
आणि थांबली.
गोठ्याकडे बघितलं.
मग वळून मागे चराकडे गेली,
पिशवीच्या तोंडाशी उकिडवी बसली,
बादली कलती केली.

‘आन,’ म्हणाली.
तिच्या भाषेतला एवढा शब्द मला येतो.
खा.